रेवाचा बेस

रेवा ऐकत असते तेव्हा तिची मान डावीकडे किंचित कलते, पापण्या अर्ध्यावर येतात आणि उजव्या हाताचं मधलं बोट टेबलाच्या कडेवर हलकेच टेकून राहतं. फाल्गुन सरता सरता भोपाळच्या अवधपुरीतल्या तिच्या मागच्या खोलीत चारच्या सुमाराला ऊन तिरपं येतं, खिडकीच्या गजांच्या सावल्या यंत्रांवरून आणि वायरींच्या गुंत्यावरून सरकत तिच्या पावलांपर्यंत पोचतात, बाहेर सिमेंटच्या अंगणात कडुनिंबाची पिवळी पानं घरंगळत असतात, आणि ती त्या पानांचंसुद्धा ऐकत असते. मी दारात आलो आहे हे तिला माझ्या चपलांवरून केव्हाच कळलेलं असतं. मान वळवायची तिला गरज वाटत नाही. "या काका, बसा. एक मिनट," एवढं म्हणते. तिचं एक मिनिट पाऊण तासाचं असतं, हे ठाऊक असल्यामुळे मी घरून वर्तमानपत्र घेऊनच निघतो.

रेवा म्हणजे माझे मित्र मधूभाऊ यांची एकुलती मुलगी. वय चौतीस. ती गाते आणि वाजवते असं मी पूर्वी लोकांना सांगायचो. आता सांगतो की ती आवाज वेचते, कापते, एकमेकांना जोडते आणि त्यातून असं काही उभं करते की दूरच्या शहरांतली तरुण मुलं त्यावर तासन्‌तास पाय हलवत राहतात. तिच्या जातकुळीच्या संगीताला हाऊस म्हणतात. त्याचा ठेका सरळ आणि एकसारखा, धाप न लागलेल्या छातीसारखा. त्यावर ती स्वतःचा गळा सोडते, आणि तो मात्र सरळ नसतो. बेंगळुरूपासून परदेशापर्यंत तिच्या नावाला वजन आहे. नवी मुलं आपली कच्ची कामं तिच्याकडे पाठवतात आणि तिच्या एका ओळीच्या उत्तराची महिनाभर वाट पाहतात. अवधपुरीत मात्र ती नुसती "मशीनवाली दीदी" आहे. एकदा गल्लीतल्या एक बाई ब्लाउज शिवायला घेऊन आल्या होत्या. रेवाने कापड नम्रपणे परत केलं, पण त्यांच्या पैंजणांचा आवाज तेवढा ठेवून घेतला.

या संगीताचं व्याकरण तिने मला एकदा शिकवायला घेतलं. माझे कान आकाशवाणीवर पोसलेले, त्यामुळे तिला सुरुवात तिथूनच करावी लागली.

"तुमच्या तीनतालात सम असते, एक रिकामी खाली असते. यात खाली नाहीच ना काका. चारही बीट पूरी भरी हुई. सगळ्याच समा."

"म्हणजे सगळेच साहेब, शिपाई एकही नाही," मी म्हणालो. "असल्या ऑफिसात काम काय डोंबल होणार?"

"काम नाही होत काका, नाचतात लोक." आणि ती हसली. तिचं हसणं बापावर गेलेलं आहे. आवाज येत नाही, फक्त खांदे हलतात आणि डोळ्यांत पाणी येतं.

बरखेड्यातल्या कारखान्याच्या क्वार्टरांत आमची आणि मधूभाऊंची भिंत एक होती. ते वर्ध्याकडचे, मी नागपूरचा. दोघेही कारखान्याच्या नोकरीने भोपाळला येऊन पडलो आणि मग इथलेच झालो. मी ड्रॉइंग ऑफिसात कागदावर रेघा ओढायचो, आणि त्या रेघांबरहुकूम तापलेलं पोलाद ठोकून घ्यायचं काम मधूभाऊंच्या खात्याकडे असायचं. यांत्रिक घणाच्या शेजारी तीस वर्षं उभं राहून त्यांचे कान गेले. सबंध गेले नाहीत, वरून वरून गेले. आधी कोकिळा गेली, मग सायकलची घंटी, मग देवघरातली घंटा, कुकरची शिट्टी, आणि शेवटी वहिनींची हाक. खालचे, जाडेभरडे आवाज तेवढे त्यांच्यापाशी राहिले: ढगांचा गडगडाट, मालगाडी, कारखान्याचा भोंगा, आणि माझं बोलणं. 'ऐकावे जनाचे, करावे मनाचे' या म्हणीचा पूर्वार्ध निसर्गानेच मिटवून टाकल्यामुळे ते निवांतपणे मनाचंच करत. चारचौघांत त्यांना कुणी काही विचारलं की ते माझ्याकडे पाहत, आणि मी उत्तर देऊन टाकत असे. बँकेत, डॉक्टरकडे, शाळेत रेवाच्या बाईंपुढे, सगळीकडे मी त्यांचा दुभाषी. उचलली जीभ लावली टाळ्याला हा माझा स्वभाव, असं माझी बायको म्हणते. मधूभाऊंच्या संगतीत तो स्वभाव माझी नोकरीच होऊन बसला होता.

वर्ध्याहून त्यांनी जे काही थोडकं सोबत आणलं होतं त्यात एक शब्द होता: बेस. चहा बेस, ऊन बेस, रेवाचा निकाल बेस, बिट्टन मार्केटातून मी आणलेली किडकी वांगीसुद्धा बेस. आनंदाचा असा वेगळा शब्द त्यांच्यापाशी नव्हता आणि दुःखाचाही नव्हता. वहिनी दोन वर्षं अंथरुणाला खिळून गेल्या तेव्हा रेवा अकरावीत होती. समाचाराला आलेल्यांसमोर मधूभाऊ गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते आणि एकेकाला सांगत होते, "बेस झालं. सुटली बिचारी." लोकांना ते कोरडं वाटलं. मला नाही वाटलं, कारण सकाळी त्यांनी वहिनींची वेणी स्वतःच्या हाताने घातलेली मी पाहिली होती.

त्याच वर्षी रेवाने एका जुन्या संगणकावर पहिलं संगीत जुळवलं. मोठा स्पीकर कुठूनतरी मागून आणला, आम्हा दोघांना समोर बसवलं, आणि आधी एक व्याख्यान दिलं: वरचे बारीक आवाज ते ट्रेबल, खालचे भरदार आवाज ते बेस. मधूभाऊ शाळेतल्या मुलासारखी मान डोलावत होते. मग तिने ते सुरू केलं. मधूभाऊंना काही ऐकू येईना म्हणून ते उठले, स्पीकरजवळ गेले, त्याच्या काळ्या जाळीवर त्यांनी तळवा ठेवला आणि डोळे मिटले. जरा वेळाने म्हणाले, "बेस."

रेवाला वाटलं, बाबांना बेस ओळखता आला, आणि त्यांना तो आणखी हवा आहे. तिने तो वाढवला. "बेस!" मधूभाऊ पुन्हा म्हणाले, या खेपेला जोरात. तिने आणखी वाढवला. खिडकीची तावदानं थरथरायला लागली, फडताळातल्या पितळी वाट्या एकमेकींना लागून किणकिणल्या, माझ्या दाढेत काहीतरी हललं, आणि मधूभाऊ हसत होते, खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सबंध वर्षभर ती पोरगी बेस वाढवत राहिली. शेवटी मीच एकदा न राहवून म्हणालो, "अगं बाई, ते बेस म्हणजे छान. वर्ध्याचं बेस. तुझ्या मशीनचं नव्हे."  ती हसली, पुष्कळ हसली. बेस तिने मात्र कमी केला नाही.

पुढे तिच्या याच भरदार तळाचं जाणकारांनी कौतुक केलं. तो कुठून आला असं कुणी विचारलं की ती "बाबांकडून" एवढंच सांगायची. लोक समजायचे की वडील गवई असावेत.

बेसचा तो घोळ मी उलगडला त्याच सुमाराला तिने आणखी एक गोष्ट केली. एका रविवारी सकाळी मधूभाऊंना खुर्चीत बसवून तिने एकच सूर यंत्रातून हळूहळू चढवत नेला. ऐकू येतंय तोवर हात वर ठेवायचा, असं ठरलं होतं. हात किती लवकर खाली आला ते पाहून मला धक्काच बसला, कारण मला तो सूर अजून स्वच्छ ऐकू येत होता आणि आमची वयं सारखी होती. बाबांचं ऐकणं जिथे संपलं तिथे रेवाने कागदावर एक आडवी रेघ ओढली आणि तो कागद यंत्रामागच्या भिंतीवर डकवला. तिचा दंडक असा, की संगीताचा जीव जिथे असेल ते सगळं या रेघेच्या खाली यायला हवं. रेघेच्या वर वाटेल ती नक्षी, टाळ्या, झांजा, पानांची सळसळ, पण ती नसली तरी चालावी अशीच. तिला गाताना ऐकलं की हे समजे. मुळात तिचा आवाज उंच होता, शाळेत प्रार्थनेला तिलाच पुढे उभं करत. तो तिने वर्षानुवर्षं खाली खाली आणला, खरवडला, जाड केला, आणि त्या खरखरीत आवाजात ती असं काही आळवायला लागली की शब्द परके असूनही माझ्यासारख्या अरसिकाला गहिवरून यावं. सोल म्हणतात त्या गायकीला. कोणत्या दुःखातून हा आवाज आला, असं एका नवख्या मुलीने तिला लिहून विचारलं होतं. दुःख कसलं, बापाला ऐकू यावं एवढीच तिची खटपट होती.

मधूभाऊंच्या शेवटाबद्दल मी आजवर कुणाशी नीट बोललेलो नाही. इथे लिहितो आहे ते रेवाचं चित्र त्यावाचून अपुरं राहील म्हणून.

मागच्या पावसाळ्याच्या अखेरीस त्यांच्या फुप्फुसांनी हात टेकले. श्वास पुरेना. रेवा बेंगळुरूला कार्यक्रमासाठी गेली होती आणि तिचं परतीचं विमान दुपारचं होतं. मी त्यांना दवाखान्यात घेऊन गेलो. सकाळचे अकरा वाजले असतील. खिडकीतून लख्ख ऊन त्यांच्या पांढऱ्या चादरीवर पडलं होतं आणि तोंडावरच्या मास्कमधून हवा सूं सूं करत होती. रेवा फोनवर होती. "काका, फोन चालू ठेवा, बाबांच्या जवळ धरा," असं तिने बजावलं होतं, म्हणून तो मी माझ्या हातात, त्यांच्या आणि माझ्या तोंडाच्या मध्ये धरला होता. डॉक्टर सज्जन होते. आपल्याशी न बोलता आधी रोग्याशी बोलणारे डॉक्टर हल्ली विरळा. ते वाकून, मोठ्याने म्हणाले, "बाबूजी, अब मशीन से साँस देनी पड़ेगी. गले में नली जाएगी. फिर बोल नहीं पाएँगे. डाल दें?"

मधूभाऊंनी डॉक्टरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मास्कच्या आत ओठ हलले. एकच शब्द.

पलीकडच्या बाजूने त्यांचं मनगट धरून उभी असलेली नर्स म्हणाली, "सर, बस बोल रहे हैं."

"नाही, नाही," मी म्हणालो, आणि मग घाईघाईने हिंदीवर आलो. "बस नहीं, सिस्टर. बेस. हमारी मराठी का बेस. मतलब अच्छा, ठीक है. ये तो हर बात पे बेस बोलते हैं. हाँ बोल रहे हैं वो."

फोनमधून रेवाचा आवाज आला, "काका, काय म्हणाले बाबा?"

"बेस म्हणाले गं."

"मग करा," ती म्हणाली. "करा काका. मी येतेय."

नर्सने माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचं मनगट सोडून ती नळीच्या तयारीला लागली. ती इथलीच, भोपाळची मुलगी. आमचा मराठी शब्द तिला कुठून ठाऊक असणार, असं मला तेव्हा वाटलं, आणि माझ्या भाषाज्ञानाचा मला, कबूल करतो, त्या क्षणीही थोडा अभिमान वाटला.

मधूभाऊ त्या नळीवर तेवीस दिवस होते. त्यांचे हात खाटेच्या कठड्याला बांधून ठेवावे लागले, कारण जागे झाले की ते नळीकडे जात. डोळे उघडे असायचे. मी समोर गेलो की ते डोळे माझ्यावर येऊन थांबायचे आणि मी काहीतरी बोलत राहायचो, कारखान्यातलं, पावसाचं, वांग्यांच्या भावाचं. एवढं बोललो तरी एकदाही त्यांना विचारलं नाही की मधूभाऊ, तुम्ही नक्की काय म्हणाला होतात. मान हलवून त्यांना सांगता आलं असतं. रेवा दिवसभर त्यांच्या उशाशी बसून गुणगुणायची, रेघेच्या खालच्या आवाजात, त्यांच्या छातीवर तळवा ठेवून. चोविसाव्या दिवशी सकाळी यंत्रावरची हिरवी लाट सपाट झाली. कोजागरी उलटून गेली होती, हवेत पहिला गारवा होता. रेवा रडली नाही. ती खोलीतल्या यंत्रांच्या आवाजाकडे कान देऊन उभी होती, आणि एकेक यंत्र बंद होत गेलं तसतशी ती एकेक पाऊल मागे सरकत भिंतीला टेकली.

ती कार्यक्रमांसाठी पुन्हा बेंगळुरूला गेली नाही. ठरलेले कार्यक्रम तिने एकामागून एक रद्द केले. मी रोज चारला जाऊ लागलो. कुणीतरी जायला हवं होतं म्हणून, आणि मला घरी बसवत नव्हतं म्हणूनही. हिवाळाभर ती खोली मला शांत वाटायची. रेवाची मान ठेक्यात हललेली दिसे, स्पीकरवरचा लहानसा दिवा पेटलेला दिसे, आणि माझ्यापर्यंत कुठूनतरी फार बारीक, काच खरवडल्यासारखं काहीतरी येऊन विरून जाई. मला वाटलं माझेही कान गेले. मग एकदा तिने आवाज वाढवला तेव्हा उमगलं की ती आता फक्त रेघेच्या वरचंच रचते आहे. खालचा सगळा मजला तिने रिकामा केला होता. ज्या संगीतात खाली नसते असं ती मला हसत सांगायची, त्यात आता खालीच खाली होती. भिंतीवरचा कागद तसाच होता. तो काढायचं तिला सुचलं नव्हतं, की धीर झाला नव्हता, मला माहीत नाही.

माघात ती वेगळंच काही करू लागली. कानांवर जाड हेडफोन, समोर पडद्यावर आवाजाची एक छोटीशी नागमोडी आकृती, आणि ती तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा ऐकायची. शंभरदा, दोनशेदा. मला बाहेर काही ऐकू यायचं नाही. पण एके दिवशी तिने हेडफोन क्षणभर गळ्यात सरकवले तेव्हा त्यातून मास्कची ती सूं सूं ऐकू आली आणि मी वर्तमानपत्र तिथेच टाकून उठलो. फोनवरचं प्रत्येक बोलणं नोंदवून ठेवायची तिची जुनी सवय. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "विचारू नका तिला. तुम्ही काही वाईट केलं नाही. तो माणूस जगावा असंच वाटलं ना तुम्हाला?"

वाटलं होतं. तेच तर. मला ते इतकं वाटलं होतं की रात्रंदिवस आठवूनही मला आता मधूभाऊंचा शब्द आठवत नव्हता, फक्त मी तो सांगितलेला आठवत होता. बायकोचं ऐकून मी पंधरा दिवस गप्प राहिलो. माझ्या आयुष्यातला हा विक्रम असावा.

शेवटी रेवाच बोलली. होळी नुकतीच होऊन गेली होती, अंगणाच्या फरशीवर गुलालाचा फिकट डाग होता. मी आत आलो तर तिने स्टूल पुढे ओढलं.

"काका, बसा. तुम्हाला ऐकवायचंय. वो वाला."

कोणता, हे मी विचारलं नाही. तिने हेडफोन माझ्या कानांवर नीट बसवले.  मला मास्कची सूं सूं ऐकू आली, यंत्राची टिक टिक, डॉक्टरांचं "डाल दें?" आणि मग ओठ मिटून उघडल्याचा एक हलका, ओलसर आवाज. 'ब'. त्याच्यानंतर मी स्वर ऐकायला जीव कानात आणला, आणि तिथे जो आवाज आला तो माझा होता. "बेस!" मी म्हणालो होतो. मोठ्याने, ठणठणीत, फोनच्या अगदी तोंडाशी. मधूभाऊंचा शब्द संपायच्या आत, आणि हे मला आठवतही नव्हतं. मग नर्सचं "बस बोल रहे हैं", मग माझं सगळं पांडित्य.

म्हणजे मी त्यांचा शब्द ऐकलाच नव्हता. 'ब' ऐकून पुढचं मीच म्हणालो होतो, आणि मग तेच ऐकलं होतं.

मी हेडफोन काढले. रेवा माझ्याकडे पाहत नव्हती, पडद्याकडे पाहत होती.

"सहा हफ्ते झाले काका. तुमचा आवाज काढायला जाते तर बाबांचा पण निघून जातो. दोघांचा एकच पट्टा आहे, खालचा. मशीनला तुम्ही दोघं वेगळे लागतच नाही."

"रेवा, मी…"

"थांबा ना. ऐका आधी." ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. "मला तुमचा एकट्याचा आवाज पाहिजे. तोच शब्द. त्या दिवशी म्हणालात ना, बिलकुल वैसा ही. मग मशीनला कळेल तुम्ही कुठले. फक्त तुम्हाला उचलून बाजूला ठेवेल ते."

तिने माझ्यासमोर माइक सरकवला. मला काय करायला सांगितलं जात आहे हे मला पुरतं कळत होतं. शब्द मी जरा वेगळा म्हणालो असतो, जरा खोकलो असतो, स्वर थोडा लांबवला असता, तर यंत्र फसलं असतं आणि ती गोष्ट कायमची झाकली गेली असती. तसं करावं असं मनात आलं. नाही आलं म्हणणं खोटं होईल. पण समोर मधूभाऊंची मुलगी बसली होती, जिने बापाला ऐकू यावं म्हणून स्वतःचा गळा बदलला होता. जन्मभर न विचारता बोलत आलेल्या माझी, विचारल्यावर, जीभ उचलेना.

मग मी म्हणालो. "बेस." तिने मान हलवली, नाही. "जरा जोर से. घाईत." मी पुन्हा म्हणालो. पुन्हा. त्या सकाळची घाई, त्या सकाळची भीती शोधत शोधत म्हणत गेलो, आणि कितव्यातरी खेपेला तोच आवाज माझ्या तोंडून निघाला. मला स्वतःलाच तो ओळखू आला. रेवाने बोट वर केलं. यंत्र काम करू लागलं. तिने हेडफोन घातले आणि ती ताठ बसली. बाहेर भाजीवाल्याची हाक गल्लीच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गेली. मला ते थांबणं सोसवेना. वाटलं, पुरेसं झालं नसेल, तिला आणखी लागत असेल. मी माइककडे वाकून पुन्हा म्हणायला लागलो, "बेस… बेस…"

तिने माझ्या हातावर हात ठेवला.

"बस, काका," ती म्हणाली. "बस."

ती मला थांबवत होती की बापाचा शब्द मला पोचवत होती, हे विचारायची मला हिंमत झाली नाही, आणि खरं सांगायचं तर गरजही उरली नव्हती. तिचा चेहरा माझ्यासमोर होता. तेवीस दिवस मी माझ्या मित्राला त्याच्या मनाविरुद्ध इथे बांधून ठेवलं होतं, आणि ते त्याच्या भाषेत त्याची परवानगी आहे असं सगळ्यांना समजावून सांगितलं होतं. मी रडलो. रेवाने हात काढून घेतला नाही. माणूस गेल्यावर काळ त्याला दूर नेतो असं म्हणतात. माझा अनुभव निराळा आहे. काळ फक्त आपला स्वतःचा आवाज हळूहळू खाली आणतो, आणि तो पुरता खाली आला की गेलेल्या माणसाचं म्हणणं पहिल्यांदा नीट ऐकू येतं, आणि तेव्हा 'हो, हेच म्हणालो होतो' असा होकार द्यायला समोर कुणी नसतं.